शेऱ्यात लिहिलं होतं, ‘एकटी’

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो, गाव दुसऱ्याच गुन्ह्यातलं. ही घटना मात्र जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यातली एक चूक माझी होती.

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोलीस निरीक्षक होतो. डोंगरात ढगफुटी झाली आणि नाल्याने वरचे दोन पाडे आणि खालचं एक गाव धुऊन नेलं. वाचलेल्यांना बाजार समितीच्या कापसाच्या शेडमध्ये आणलं. तहसीलदार, आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी आणि मी, अशी आमची रोज सकाळी बैठक व्हायची. टँकर, औषधं, ब्लँकेटं, बायकांच्या बाजूला बंदोबस्त, सगळं त्यात ठरायचं. कोण कोणाचं, हे मात्र आम्ही एका यादीवर सोपवून मोकळे झालो होतो. नातेवाइकांना शोधणं सोपं जावं म्हणून ती यादी छावणीच्या फाटकावर लावली होती.

त्या यादीत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. बाप आधीच वारलेला, आई पुरात बेपत्ता. ती शेडच्या खांबाला टेकून बसायची. मदतीची गाडी आली की उठून उभी राहायची, उतरणारी माणसं एकेक करून बघायची आणि परत बसायची. तिच्या पाड्यातली बहुतेक माणसं दुसऱ्या छावणीत गेली होती. शेजारी अंथरूण होतं ते खालच्या गावातल्या एका म्हातारीचं. तिला सगळे अक्का म्हणत.

सहाव्या दिवशी दुपारी जेवणाची पाकिटं घेऊन एक पिकअप आली. तिच्यातून चाळिशीचा एक माणूस उतरला आणि थेट माझ्याकडे आला. म्हणाला, “मी हिचा सख्खा मामा. कामासाठी गुजरातेत असतो. बातमी कळली तसा निघालो.” त्याने पोरीचं नाव, आईचं नाव, पाडा, सगळं बिनचूक सांगितलं. बहिणीचं नाव घेताना त्याने रुमालाने डोळे पुसले. मी त्याच्यासमोरच मुलीला विचारलं, “ओळखतेस ना?” तिने मान खाली घातली. तो तिचा संकोच असेल असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर एक जबाबदारी कमी झाली, असंही मनात येऊन गेलं. मी ताब्याच्या कागदावर सही केली आणि तो तिला त्याच पिकअपमधून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारत असताना अक्काने मला थांबवलं.

“साहेब, तो तिना मामा नई शे.”

“कशावरून, अक्का?”

“तेनी पोरले कागदवरना नावथीन हाक मारी. घरनं नाव येगळं शे तिनं, माले तिनीच सांगं. मामा कागदवरना नावथीन हाक मारस का?”

मी यादी बघितली. यादीत तिचं शाळेतलं नाव होतं, घरचं नाव कुठेच नव्हतं.

ठाण्यात आल्याबरोबर अपहरणाचा गुन्हा नोंदवला. फाटकावरचा हवालदार प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहायचा. तेवढी एक गोष्ट आम्ही नीट केली होती. पिकअपचा चालक नशिराबादजवळच्या एका गावात सापडला. तो घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो खोटं बोलायला लागतो, हा माझा अनुभव. मी त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि विचारलं, “मुलगी रस्त्यात काय बोलली?”

त्याने पाणी संपवलं. मग म्हणाला, “एकदाच बोलली साहेब. आई आली तर तिला कोण सांगेल, असं विचारलं. त्यावर तो हसला. तेव्हाच मला कसंतरी झालं. पण मी गाडी थांबवली नाही.” आणि त्याने धुळ्यातल्या एका वस्तीचा पत्ता दिला.

धुळ्याच्या पोलिसांना कळवून, महिला शिपाई सोबत घेऊन दुपारपर्यंत आम्ही त्या खोलीवर पोहोचलो. मुलगी कोपऱ्यात नवी साडी नेसून बसली होती. संध्याकाळी तिला परराज्यात लग्नासाठी घेऊन जाणार होते. तिने आमच्याकडे पाहिलं; रडली नाही, उठली नाही. तिच्या बोलीत मोठ्या माणसालाही ‘तू’च म्हणतात. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, “तूच सही केली ना?”

मी खूप गुन्हेगारांच्या नजरेला नजर दिली आहे. त्या दिवशी खाली बघावं लागलं.

‘मामा’ त्याच वस्तीत सापडला. चौकशीत आधी त्याने नात्याचा हेका सोडला नाही. मी म्हणालो, “तुझ्या भाचीला घरी काय म्हणतात?” त्याने पुन्हा शाळेतलंच नाव सांगितलं. पुन्हा विचारलं, तेव्हा खुर्चीत मागे टेकून म्हणाला, “साहेब, मी कुठं शोधत फिरलो? तुम्हीच फाटकावर लावलं होतं. आईचं नाव, पाडा, वय. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘एकटी’.”

यादी तयार झाली तेव्हा ती मीही तपासली होती. तो शब्द मला खटकला नव्हता.

संध्याकाळी यादी फाटकावरून काढली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरलं: मूल कोणाच्याही ताब्यात द्यायचं तर ओळखणारी पाड्यातली दोन माणसं हवीत, मुलाशी महिला शिपायाने वेगळं बोलायचं आणि बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय कोणी बाहेर जाणार नाही. साधे नियम होते. ते पहिल्या दिवशीही करता आले असते.

पुढे त्या माणसाला शिक्षा झाली. तिची आई सापडली नाही. छावणी उठली, लोक परतले आणि मुलगी जळगावच्या बालगृहात गेली. मी महिन्यातून एकदा भेटायला जायचो. ती समोर बसायची, बोलायची नाही. पाचव्या की सहाव्या भेटीत तिने विचारलं, “तुझ्या घरी कोण आहे?”

पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हटलं, “कोणी नाही.”

तिने काही वेळ विचार केला. म्हणाली, “मग जेवून जा.”

पंगतीत मी तिच्या शेजारी बसलो. आमटीत मीठ कमी होतं. दोघांनीही पानातलं सगळं संपवलं.

पूर घर नेतो, ते पुन्हा बांधता येतं. पण ‘ही आमची आहे’ म्हणणारी माणसं वाहून गेली की माणूस कोणाच्याही हाती लागू शकतो. छावणीत पोलिसाचं पहिलं काम तिथे आहे, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं.

आता तिचं लग्न झालं आहे, तिच्या पसंतीने. गाव मला ठाऊक आहे. माझ्या घरापासून बसने दोन तासांवर. मी तिथे गेलेलो नाही. निवृत्त असला तरी पोलीस दारात दिसला की शेजारी विचारतात, आणि तिथे तिला कोणाला मागचं काही सांगावं लागत नाही.