मास्तरांचा कॉम्प्युटर आणि संत पेद्रोची पालखी

पाइता बंदराच्या मासेमारी कार्यालयात एलेउतेरियो केरेवालूंना सगळे मास्तर म्हणत. जाळ्यात कोवळी मासळी किती येते त्यावर बोटी सोडायच्या की नाही हे ठरायचं, आणि तो हिशेब मास्तरांनी आर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं एक फंक्शन करायचं. हेच फंक्शन त्यांनी प्रत्येक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हिशेबाच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये, जसंच्या तसं चिकटवलं होतं. एका जागची चूक दुरुस्त केली, तरी बाकीच्या जागी ती सुखाने नांदायची. त्यातून ते चालायचं फक्त मास्तरांच्या कॉम्प्युटरवर. त्याला लागणारा 'सीमा' नावाचा आकडा कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नव्हता. कधीकाळी टाइप केलेला तो आकडा मशीनच्या मेमरीत पडून होता, म्हणून मशीन कित्येक वर्षं बंदच केलं नव्हतं.

"मास्तर, फंक्शनची एक वेगळी फाइल करा," नवी आलेली येसेनिया म्हणायची. "प्रत्येक स्क्रिप्टने तीच बोलवायची. आणि फंक्शनला लागेल ते त्याच्या हातात द्या की. घरभर शोधत का फिरवता बिचाऱ्याला?"

"घरचंच आहे ते. त्याला सगळं ठाऊक असतं."

खरं म्हणजे मास्तरांना वेगळीच भीती होती. फाइल झाली की आपल्याला कोण विचारणार?

अशात कार्यालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं, ते नेमकं हंगामाच्या आदल्या दिवशी. संध्याकाळपर्यंत कोवळ्या मासळीचा हिशेब वर गेला नाही तर बोटी बंदरातच राहणार होत्या. मशीन तर बंद करायचं नाही. शेवटी बोटीवाल्या चुंगाने कोळ्यांच्या लाडक्या संत पेद्रोची पालखी आणली, तिच्यात ट्रकची बॅटरी ठेवली आणि संताच्या जागी कॉम्प्युटर बसवला. पुढे बँड वाजू लागला. म्हाताऱ्या बायका क्रूसाची खूण करून मशीनला नमस्कार करत होत्या.

बाजारपेठेत तुतारीवाल्याचा पाय वायरीत अडकला आणि पडदा काळा झाला.

नव्या इमारतीत मशीन पुन्हा सुरू केलं, तर ते म्हणालं, 'सीमा' सापडत नाही.

"पण सीमा म्हणजे काय, मास्तर?" येसेनियाने विचारलं.

"बारा सेंटिमीटर. त्याहून लहान ती कोवळी."

"हे तर अख्ख्या बंदराला माहीत आहे," चुंगा म्हणाला.

"मग फंक्शनला का नाही सांगितलं?" येसेनिया मास्तरांना म्हणाली.

"मला वाटलं, त्याला माहीत आहे."

येसेनियाने स्वतःच्या लॅपटॉपवर वेगळी फाइल केली आणि बारा हा आकडा फंक्शनच्या हातात दिला. चुंगाच्या पेल्यातली चिचा, म्हणजे मक्याची दारू, संपायच्या आत उत्तर आलं. बोटी सुटणार होत्या. मास्तर सोडून सगळे हसले.

"बँड संध्याकाळपर्यंत सांगितलाय," म्हणत चुंगाने मास्तरांना उचलून पालखीत बसवलं आणि पालखी त्यांच्या घराकडे निघाली.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "सावकाश चला रे," ते म्हणाले. "मी अजून चालू आहे."