सिगारेटऐवजी चहा मागितला

मंडळी, सिगारेट सोडून आज एकोणीस दिवस झाले आणि आजचाच दिवस सगळ्यात कठीण गेला.

गोखिवऱ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये दुपारी मशीन बंद पडली. मालक सगळ्यांसमोर मला वाटेल ते बोलले. डोकं इतकं फिरलं की पाय आपोआप टपरीकडे वळले. टपरीवाल्या मामांनी न विचारताच माझी नेहमीची सिगारेट पुढे केली. ती न घेता मी म्हणालो, "मामा, फक्त चहा द्या. सिगारेट सोडलीय."

मामांनी सिगारेट परत ठेवली आणि हळूच विचारलं, "कसं जमवलंस रे? मलापण सोडायचीय."

दहा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. तेवढ्यात तलफ गेलीसुद्धा!

आज स्वतःचा खरंच अभिमान वाटतोय. तुमच्यापैकी कोणी सोडली असेल तर सांगा, राग आल्यावर तुम्ही काय करता? मामांनाही सांगायचंय.