अम्मीच्या हातातला माईक

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात पुराव्यांची साथ आली. साथच म्हणते, कारण ती घरोघर पसरली आणि चांगल्या धडधाकट माणसांना झाली. त्याआधी कुरआन अल्लाचा कशावरून, असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नव्हतं. तो रोज सकाळी वाचायचा, कुणी गेलं की वाचायचा, मूल तापलं की वाचून त्याच्यावर फुंकर घालायची. मग धार्मिक व्याख्यानांच्या व्हिडिओ कॅसेट आल्या, आणि दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर वकिली सुरू झाली. आईच्या पोटात बाळ कसं वाढतं, हे चौदाशे वर्षांपूर्वी कुणाला ठाऊक होतं? डोंगर जमिनीत मेखांसारखे रोवलेत, हे कुणी सांगितलं? गोड्या आणि खाऱ्या पाण्यामध्ये आडपडदा असतो, हे वाळवंटातल्या माणसाला कसं कळलं?

मी तेव्हा गावातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवत होते. त्यामुळे हे सगळं माझ्या दारात येऊन थांबायचं. माझा चुलत भाऊ या कामात सगळ्यांच्या पुढे. काही वर्षं आखातात काढून तो परतला होता आणि तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागला होता. येताना व्हीसीआर आणि कॅसेटची पेटी घेऊन आला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की मी स्टेजवर उभं राहावं आणि सायन्सची टीचर म्हणून सांगावं की हे सगळं पुस्तकात आहे तसंच आहे.

"माझं पुस्तक दर काही वर्षांनी बदलतं," मी त्याला म्हटलं. "उद्या गर्भाचा धडा बदलला तर तू काय करशील? कुरआन बदलशील? अल्लाला दहावीच्या पाठ्यपुस्तकाची साक्ष लागते का रे?"

"आपा, तू शिकलेली असून असं बोलतेस!"

"शिकलेली आहे म्हणूनच बोलते."

माझं भांडण कुरआनातल्या आयतींशी, त्या वचनांशी नव्हतं, हे आजही ठासून सांगते. त्यांच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का मारत सुटलेल्या माणसांशी होतं. खुद्द कुरआनात एकच आव्हान दिलेलं आहे, की याच्यासारखी एक सूरा, एक अध्याय तरी करून आणा. त्या आव्हानापुढे मी आजही मान खाली घालते. पण कॅसेटवाले त्यावरून घाईघाईने पुढे जायचे. कारण ते पटायला कान लागतो, आणि कान काही पडद्यावर दाखवता येत नाही.

भावाचं दुखणं मला कळत नव्हतं असं नाही. दंगलींनंतरची ती वर्षं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याला डिवचलं होतं, तुमचं पुस्तक देवाचं कशावरून म्हणून. चार माणसांत त्याची बोलती बंद झाली होती. तेव्हापासून तो उत्तर खिशात घालून फिरायला बघत होता. त्याची कीव यायची. पण राग त्याहून जास्त यायचा, कारण त्या टवाळाला द्यायचं उत्तर तो आमच्या घरात येऊन आम्हालाच देत बसायचा.

आता अम्मीचं सांगते. माझी अम्मी उर्दू शाळेत जेमतेम चार इयत्ता शिकलेली. अरबी वाचायला तिला मोहल्ल्यातल्या एका उस्तानीने शिकवलं होतं. वाचायला फक्त, अर्थ नाही. पहाटेचा फजरचा नमाज झाला की ती मागच्या पडवीत बसायची, लाकडी रेहल उघडून त्यावर कुरआन ठेवायची आणि मोठ्याने वाचायची. आवाज काही फार गोड नव्हता, थोडा घोगराच होता. पण कुठे लांबवायचं, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. काही ठिकाणी तिचा आवाज दरवेळी ओला व्हायचा. अर्थ ठाऊक नसताना का व्हायचा, हे मी तिला कधी विचारलं नाही. शेजारच्या आगरी घरातली काकू त्या आवाजावर चूल पेटवायची.

कुणाच्या घरी मयत झाली की अम्मीला हमखास बोलावणं असायचं. कुरआनाचे तीस भाग, तीस सिपारे, सुट्या पुस्तिकांसारखे मांडून ठेवतात. जमलेल्या बाया एकेक उचलतात, आणि एका बैठकीत सगळा कुरआन वाचून त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं म्हणून त्याच्या नावाने बक्षतात. अम्मी स्वतःचा सिपारा संपवून अडखळणाऱ्या सुनांचे अर्धे राहिलेले सिपारे पुरे करायची. मोहल्ल्यातला असा एकही माणूस नसेल, ज्याच्या जाण्याला तिचा आवाज लाभला नाही.

एका रविवारी दुपारी भावाने लग्नाच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. मुंबईहून एक निवृत्त इंजिनिअर आले होते. सफारी घातलेले, सोबत प्रोजेक्टर. बायकांची बाजू कापडाने आडोसा केलेली, अम्मी पुढच्याच रांगेत, मी तिच्या शेजारी. गर्भाचं चित्र भिंतीवर उलटं पडलं. मग ते सुलटं केलं, मग टाळ्या पडल्या.

शेवटी गृहस्थ म्हणाले, आपल्या आयाबहिणी जन्मभर पोपटासारखं वाचतात, पण एखाद्याने दलील मागितली, पुरावा मागितला, तर त्यांच्याकडे काय आहे? आणि तिथेच माझा भाऊ उठला. भर हॉलमध्ये, छाती फुगवून म्हणाला, "आमच्या चाचीला विचारा. सगळ्या मोहल्ल्यात तिच्यासारखं कुणी वाचत नाय." त्याला वाटलं, तो तिचा मान वाढवतोय. आडोशाखालून माईक आला आणि अम्मीच्या हातात पडला.

तिने आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. दोन्ही हातांनी धरला, फुलदाणी धरावी तसा. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "अल्लाचा हाय. हायच."

"वो कैसे, अम्मा?" पलीकडून प्रश्न आला.

"हायच," अम्मी म्हणाली.

हॉल हसला. दुष्टपणाने नाही, लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसा. भाऊसुद्धा हसला, ओशाळून का होईना. इंजिनिअर म्हणाले, "देखिए, यही तो हमारा मसला है," आणि पुढच्या चित्राकडे वळले. अम्मी माईक तसाच धरून बसली होती. मी तिच्या हातातून तो काढून घेतला तेव्हा तिचे तळवे घामाने ओले झालेले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून सगळ्यांसमोर दोन शब्द सुनवावेत असं वाटलं, पण अम्मीने माझा हात धरला आणि "घरी चल" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून आवाज आला नाही. रेहल उघडी होती, कुरआन उघडा होता, अम्मी समोर बसली होती. ओठ मिटलेले, फक्त बोट ओळीवरून फिरत होतं. आठवडाभर तेच. शेजारची काकू कुंपणाशी येऊन विचारून गेली, "तुजे अम्मीला बरा नाय काय? आवाज नाय येत ते." मयतीच्या घरून बोलावणं आलं की अम्मी म्हणायची, गुडघे दुखतात.

मी तिच्याशी खूप वाद घातला. म्हटलं, त्या माणसाला काय कळतं? मी बारा गावच्या शिक्षकांसोबत पेपर तपासते, मला विचार, त्याची निम्मी चित्रं चुकीची होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुजं खरं असंल," ती म्हणाली. "पन मोठ्यानं वाचाया गेले का तो मानूस समोर येऊन उभा ऱ्हातो. इचारतो, कसा काय? मंग जीब अडते."

मी तडक भावाच्या घरी गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो आधी गोंधळला, मग दुखावला. "मी तर चाचीचा मान वाढवायला गेलो," हेच पुन्हापुन्हा सांगत राहिला. दोन दिवसांनी भरपाई म्हणून काय आणून दिलं असेल? पुराव्यांचं पुस्तक. जाडजूड, रंगीत चित्रांचं. म्हणजे चाचीला पुढच्या वेळी उत्तर देता येईल. मला ते भिरकावून द्यायचं होतं, पण आत पानोपानी आयती छापलेल्या. ना फेकता येत, ना रद्दीत घालता येत. अम्मीने ते स्वच्छ कापडात बांधून कपाटावर ठेवलं, आणि माझ्या रागाला तेवढीही वाट राहिली नाही.

तिचा आवाज परत आला नाही. ती रोज वाचायची, शेवटच्या आजारातही वाचायची, पण मनात. ज्यांना हे क्षुल्लक वाटतं त्यांनी माझ्याशी बोलू नये. एका बाईकडे आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती धर्माच्या भल्यासाठी म्हणून, टाळ्यांच्या गजरात, तिच्याकडून काढून घेण्यात आली.

दशक सरता सरता अम्मी गेली. तिसऱ्या दिवशी घरात सिपारे मांडले. आत बाया, बाहेरच्या खोलीत पुरुष. भाऊ सगळ्यात आधी आला होता. गेलेल्या माणसासाठी असं वाचणं बिनबुडाचं आहे, हे त्याच्या कॅसेटमध्ये मी स्वतः ऐकलं होतं. तरीही तो भिंतीला टेकून, मागेपुढे डुलत, मोठ्याने वाचत होता. डोळ्यांतून धार लागलेली. दोनदा अडखळला, मागे गेला, पुन्हा वाचलं. अम्मी असती तर तिने त्याचा राहिलेला भाग पुरा केला असता.

त्याने सिपारा मिटला तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभी होते.

"काय वाचलंस, समजलं?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तिला पोचलं कशावरून?"

"पोचतं, आपा," तो डोळे पुसत म्हणाला. "पोचतंच."

"कसं काय?"

मग त्याला तो हॉल आठवला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी पेला त्याच्या हातात दिला.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "इथे कुणी हसणार नाही."