नारळ कुणी फोडायचा

माझ्या बरोबरीच्या सहकाऱ्याचा फोटो मी मोबाइलवर बोटांनी मोठा करून बघितला. वेरूळजवळच्या हॉटेलात, हिरवळीवर, कंपनीनं निवडलेली माणसं रांगेत उभी होती आणि मधोमध तो. गळ्यात निळी फीत, हातात कॉफीचा कप. उद्याचे अधिकारी घडवायचं शिबिर होतं ते. मला बोलावलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या फोटोपासून.

आम्ही दोघं वाळूजच्या कारखान्यात एकाच दिवशी लागलो. छावणीच्या थांब्यावर एकाच बसमध्ये चढायचो. पुढं मी मशीन शॉपचा प्रमुख झालो, तो असेंब्लीचा. काम माझं जास्त अवघड, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निदान मला तरी होतं.

मग कंपनीनं ठरवलं की पेट्रोलच्या गाड्यांचे सुटे भाग आता फार काळ चालायचे नाहीत, विजेवरच्या गाड्यांसाठी नवं युनिट काढायचं. त्याचा प्रमुख आपल्याच माणसांतून तयार करायचा होता. ती खुर्ची मला हवी होती. बायकोला तर मी मिळाल्यासारखंच सांगून टाकलं होतं.

कारण माझ्यावाचून पान हलत नव्हतं. मी रजेवर गेलो की फोन थांबायचा नाही. मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अक्षता खिशात टाकून मांडवाबाहेर उभा राहिलो आणि एका मशीनचं सेटिंग फोनवर सांगत बसलो. सासरची मंडळी कौतुकानं बघत होती. त्याचा फोन मात्र रजेत कधी वाजायचा नाही.

"तुझ्यावाचून काही अडत नाही वाटतं," मी त्याला बसमध्ये टोमणा मारायचो.

"नाय अडत. लई सुख हाय," तो हसून म्हणायचा आणि खिडकीला डोकं टेकून झोपायचा. झोपही माझ्यापेक्षा त्यालाच चांगली लागायची.

खंडेनवमीला तर त्याचा विशेष राग यायचा. आमच्याकडं त्या दिवशी मशीनला झेंडूचे हार घालतात आणि खात्याचा प्रमुख नारळ फोडतो. तो मान मी कधी सोडला नाही. हा मात्र दरवर्षी वेगळ्याच माणसाच्या हातात नारळ द्यायचा. "आज खातं तुझं. दिवसभर मला काय बी इचारायचं नाय," म्हणायचा आणि खरंच कँटीनमध्ये जाऊन बसायचा. नुसती नाटकं, असं मी चारचौघांत म्हणायचो.

शिबिरानंतर थोड्याच दिवसांत नवं युनिट त्याला मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, माझ्यात काय कमी आहे?

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्हाला तिकडं नेलं तर मशीन शॉप कोण बघणार? एक नाव सांगा."

माझ्या सहायकाचं नाव ओठावर आलं होतं. पण मागच्याच मीटिंगमध्ये, याच साहेबांसमोर, मी नसलो तर त्याला काही सुधरत नाही असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"असेंब्लीत त्याच्या जागी उद्या बसतील अशी माणसं त्यानं तयार केलीत," साहेब म्हणाले. "नव्या कामाला मोकळा माणूस लागतो. तुम्हाला हलवलं तर जुनं काम ठप्प होतं."

म्हणजे बिनकामाचा म्हणून तो वर गेला आणि कामाचा म्हणून मी राहिलो, असं मी घरी सांगितलं. बायकोला पटलं नाही. मला अजून निम्मं पटतं. त्याची नवी केबिन दिसू नये म्हणून मी गेटपासून लांबच्या रस्त्यानं चालत येतो.

यंदाच्या खंडेनवमीला हार घालून झाले, उदबत्ती लागली. सगळं खातं गोळा झालं होतं. मी नारळ उचलला आणि सहायकापुढं धरला.

"घे, तू फोड. आज खातं तुझं."

शब्द त्या नव्या केबिनवाल्याचेच होते, मी फक्त 'दिवसभर मला काय बी इचारायचं नाय' एवढं गाळलं.

सहायक दोन पावलं मागं सरला. "नको साहेब. मला नाय जमायचं. तुम्हीच फोडा." मागची माणसंही माना डोलवत म्हणाली, "व्हय साहेब, तुम्हीच."

नारळ मीच फोडला. एका फटक्यात फुटला, नेहमीसारखा.