सरूचा पालथा गंज

त्या दिवशी सकाळी गावाहून, फुलचूरहून, पुतण्याचा फोन आला. "मोठीआई, आई गेली..." तुमची सरूआजी, माझी धाकटी जाऊ, जाऊन महिना होत आला. नातवंडांनो, तुम्ही दूर आहात. कोणीतरी तुम्हाला सांगेल की ती हेकट होती, गोळ्या घेत नव्हती. ते खोटं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सरू धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतांत, वाढलेली. तिच्याकडे रोजचं म्हणजे भात, वरण आणि कडेला हिरवी मिरची. सुट्टीत तुम्ही पोळी-भाजी खाऊन उठलात की ती हात धरून बसवायची. "जेवले कोठी रे अजून? भात तं खा!" भात पोटात गेल्याशिवाय आमच्या भागात कोणी जेवलो म्हणत नाही. तुम्ही हसायचात, आणि खायचात.

तिला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, भात बंद, गोळी जेवणानंतर. सरूने त्याच दिवशी भाताचा गंज, तिचं रोजचं पातेलं, घासून फळीवर पालथा घातला. त्यानंतर तिने शीत तोंडात घातलं नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. सगळे कौतुक करायचे. पुतण्या गोळ्या आणायला निघाला की म्हणायची, "हायेत अजून."

मग पाय सुजले, बोलता बोलता गुंगी येऊ लागली, दवाखान्यात भरती करावं लागलं, तेव्हा मी सोबत होते. तिथला तरुण डॉक्टर खेकसला, "माताजी, दवाई क्यों बंद की?"

"बंद कोठी केली जी?" सरूला त्याचंच नवल वाटलं. "जेवल्यावर घ्या म्हनलं तुमीच. भात बंद केला तुमीच. मी जेवून कोठी राहिली?"

नर्स हसली. शेजारच्या खाटेवरचेही हसले. डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, हे लोक ऐकतच नाहीत. मीही इंग्रजीतच सुनावलं, तिने तुमचा शब्दन् शब्द ऐकला, म्हणून ती इथे पडली आहे. दिवसभर काय खातेस, गोळी कधी घेतेस, सांग बघू, असं तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं? तो पुढच्या खाटेकडे निघून गेला.

राग उतरत नाही... म्हाताऱ्या माणसाला आजार सांगतात तो आरोपीला शिक्षा सुनावल्यासारखा. "समजलं ना?" एवढंच विचारतात. बाहेर रांग, डॉक्टर घाईत, म्हातारं माणूस मान हलवतं. दुसरं करणार काय?

सरूला घरी आणलं, पण ती सावरली नाही. तेरवीला फुलचूरला गेले. सरूच्या सुनेने फळीवरचा गंज उतरवला, धूळ धुतली, त्यात भात शिजवला. पहिलं पान सरूच्या नावाने वाढलं... वाफाळता भात, वर वरण, कडेला मिरची. सून पानापुढे वाकून म्हणाली, "जेवा जी, आई." सगळ्यांनी हात जोडले.

मी आत गेले, सरूच्या उशाजवळच्या डब्यातली एक गोळी काढून आणली आणि पानाशेजारी ठेवली.

"मोठीआई, हे काऊन?" पुतण्याने विचारलं.

"जेवणानंतरची आहे," मी म्हटलं.