दामूकाकांची गाडी गोळपची घाटी चढली तेव्हा

आधीच सांगतो, भुतंखेतं, देवचार, दृष्ट... यातलं काहीही मी मानत नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. तार जोडलेली असेल तर आवाज येतो, नसेल तर येत नाही, विषय संपला! तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसून बघितलंय, जमलं नाही.

शहाऐंशी साल, डिसेंबरातला रविवार. रत्नागिरीत आम्ही चौघे जुन्या विलायती मोटरसायकलींचे वेडे — मी, सलीमभाई मेस्त्री, शाळेत विज्ञान शिकवणारे जोशी मास्तर आणि बँकेतला शिरीष. चारही गाड्या एकाच बनावटीच्या, स्वातंत्र्याच्या आधीच्या. पार्ट कुठेच मिळायचे नाहीत. म्हणून एकाची गाडी अडली की दुसऱ्याने आपल्या गाडीतलं काढून द्यायचं, आणि त्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. आमची ही म्हणायची, "शेजारी वाटीभर साखर दिली तर तोंड वाकडं, आणि गाडीचं सामान मात्र कर्णासारखं वाटताय!"

तसलीच पाचवी गाडी पावसला दामूकाकांकडे होती. काका बोटीवर इंजिन रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर गाडी हाच त्यांचा जीव, पण सहा वर्षं ती आंब्याच्या पेट्यांमागे बंद पडून होती. मुंबईहून आलेल्या मुलाला, सुहासला, पेट्यांसाठी जागा हवी होती. त्याने भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं, आणि काकांनी जेवणच टाकलं. शेवटी काकींनी सलीमभाईंना निरोप धाडला.

सुहास वाईट मुलगा नव्हता हो. म्हणाला, "आज चालू करून दाखवा. घाटी चढून वर गोळपच्या सड्यावर, त्या पठारावर जाऊन परत आली तर ठेवतो. नायतर उद्या टेम्पो."

सकाळी आठला आम्ही आपापल्या गाड्या अंगणात लावून काकांची गाडी उघडली. सलीमभाईंनी स्वतःच्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून दिला, मास्तरांनी क्लचप्लेटा, शिरीषने मागची ट्यूब. मॅग्नेटोचे पॉइंट माझे. पॉइंट म्हणजे धातूचे दोन इवले तुकडे. ते उघडमीट करतात तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. ते नसतील तर इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. काकांच्या गाडीतले गंजून गेले होते, ते मीच काढून फेकले.

काका ओट्यावरून बघत होते. "मेल्यांनो, माझ्या एका गाडीपायी चार गाड्या लंगड्या केल्यात रे!"

"काका, तुम्ही गप ऱ्हावा," सलीमभाई म्हणाले, "आणि किक मारा."

पहिली किक... काही नाही. दुसरी... काही नाही. तिसऱ्या किकला असा दणका उठला की माडावरचे कावळे उडाले! काका बसले, गिअर टाकला आणि गेले. आम्ही वळणापर्यंत धावलो आणि तिथेच कान लावून उभे राहिलो. आवाज घाटी चढत चढत बारीक झाला आणि मग ऐकूच येईना. सुहास घड्याळ बघत होता. शिरीष तर नखं खात होता.

वीस मिनिटांनी काका उतारावरून आले — सदरा फुगलेला, डोळ्यांतून पाणी, आणि हॉर्न वाजवत! मी मास्तरांना मिठी मारली. आजवर त्यांच्याशी साधा हातही मिळवला नव्हता.

जेवायला हात धुतले आणि रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला कागदाची पुडी लागली.

त्यात माझे पॉइंट होते.

मग आठवलं. पॉइंट बसवणार एवढ्यात काकींनी चहाला हाक मारली होती. मी परत आलो तर झाकण लागलेलं. मला वाटलं, सलीमभाईंनी आपल्याकडचे बसवले. त्यांना वाटलं, माझे बसवून झाले, म्हणून त्यांनी झाकण लावलं. आता झाकण काढलं तर आत रिकामी जागा. काकांनी बोट घालून स्वतः खात्री केली. सलीमभाईंनी वीस किका मारल्या, गाडी हूं की चूं करेना. "शक्य नाही," मास्तर म्हणाले, आणि तेच म्हणत राहिले.

मला वाटलं, सुहास आता म्हणणार, हे काही खरं नाही, टेम्पो येऊ दे. त्याने माझ्या तळहातावरचे पॉइंट उचलले, उन्हात धरून बघितले, मग काकांकडे बघितलं.

"मग नुसते बघताय काय? बसवा की! बाबांना संध्याकाळी परत जायचंय वर."

सहा-सात किलोमीटरचा तो रस्ता गाडीने ठिणगीशिवाय कसा कापला, हे मला आजही माहीत नाही. मास्तरांनी वहीत आकृत्या काढून बघितल्या. जुन्या मेकॅनिकांना विचारलं, तर ते माझ्याकडेच संशयाने बघत.

त्या संध्याकाळी आमच्या चारही गाड्या काकांच्या अंगणात अर्धवट उघड्या ठेवून आम्ही काळ्या हातांनी एसटीत उभे होतो. एसटी घाटी चढायला लागली, आणि मागून तो दणका ऐकू आला. पुढे काका, मागे त्यांच्या कमरेला घट्ट धरून सुहास... एसटीला मागे टाकून ते वर सड्याकडे निघून गेले. आम्ही चौघे खिडक्यांतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होतो, आणि कंडक्टरही ओरडत होता.