सुहासिनीबाईंचं राहिलेलं जेवण

सुहासिनीबाई आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आम्ही वसईकडच्या जूचंद्र गावची मुलं, घरी ‘पानी’ म्हणणारी. आमच्या तोंडी इंग्रजी कुठलं बसायला? म्हणून बाई शब्दांच्या गोष्टी सांगत. एकदा त्यांनी फळ्यावर ‘मीट’ लिहिलं.

“हजार वर्षांपूर्वी इंग्रज याला ‘मेते’ म्हणत. अर्थ मांस नव्हे, अन्न. पोटाला मिळेल ते. भाजी हिरवं मीट, दूध-लोणी पांढरं मीट. मांसाला वेगळा शब्द होता, फ्लेश. पुढे हा शब्द आकसत आकसत नुसत्या मांसापुरता उरला. आपल्या ‘मेद’शी त्याचं लांबचं नातं असावं म्हणतात.”

मागच्या बाकावरून रमेश ओरडला, “म्हंजे बाई, तुमीपन मीट खाता!”

“खाते की. रोज दोन वेळा.”

बाई पक्क्या शाकाहारी. वर्ग हसून लोळला.

पुढे बाईंच्या एकुलत्या एक मुलाने, विघ्नेशने, जवळच्याच गिरीज गावच्या एलिसाशी लग्न केलं आणि तिथेच राहिला. ख्रिस्ती घर, घरात मटण-मासळी. बाई लग्नाला गेल्या, सुनेला बांगड्या दिल्या, पण तिच्या घरी कधी जेवल्या नाहीत. विघ्नेश दर सणाला आचोळ्याला बाईंच्या घरी येऊन आईच्या हातचं जेवून जाई. निघताना म्हणे, “आई, एकदा माझ्याकडे ये ना.”

“त्या भांड्यांतलं मला घशाखाली उतरणार नाही रे.”

नऊ वर्षं हेच. गेल्या पावसाळ्यात विघ्नेश वारला. हार्ट अटॅक. बेचाळीस वर्षांचा होता.

बाईंच्या बिल्डिंगखाली माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डबा मीच वर नेऊन देते. मार्चमधल्या एका सकाळी बाई नेसून तयार बसलेल्या.

“हंसा, आज डबा नको. मला गिरीजला ने. जेवायला येते म्हणून एलिसाला कळवलंय. ती वाढेल ते खाणार. मटण असलं तरी.”

“बाई, पोटात राहायचं नाही ते!”

“नाही राहिलं तर नाही. जन्मभर तुम्हाला सांगितलं, मीट म्हणजे अन्न. मुलाच्या घरात मात्र मला नुसतं मांस दिसलं.”

रिक्षात त्यांचा हात माझ्या हातात होता, घामाने ओला. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या चंडिकादेवीला म्हटलं, आई, बाईंना घास जाऊ दे.

एलिसाने ताटं मांडली. भात, वालाचं कालवण, केळफुलाची भाजी.

बाई ताटाकडे बघत राहिल्या. “माझ्यासाठी वेगळं केलंस? तुमचं रोजचं वाढ गं. मी ठरवून आलेय.”

“वेगळं नाही, आई. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चाललाय, आज शुक्रवार. आमच्यात आज मांस शिजत नाही.”

आमच्या दोघींच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. वर्षाचे एवढे दिवस सोडून नेमका हा!

एलिसा खाली बघून बोलत होती. “मासळी चालते आम्हाला. पण विघ्नेशने या शुक्रवारांना तीही बंद केली होती. म्हणायचा, आज आई अचानक आली तर जेवू शकेल. एक ताट जास्तीचं मांडायचा. हे तेच. यात आम्ही कधी काही खाल्लं नाही.”

स्टीलच्या ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं: सुहासिनी.

“मला बोलला नाही कधी.”

“ताटाचं कळलं म्हणून नाही, तुम्ही आपणहून यावं, असं त्याच्या मनात होतं.”

बाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. भात निवत चालला होता. मला वाटलं, आता या उठणार.

“तो कुठे बसायचा?” त्यांनी विचारलं.

एलिसाने खिडकीकडची जागा दाखवली. तिथून वाडीतल्या केळी आणि फाटकापर्यंतची वाट दिसत होती.

बाई खरंच उठल्या. दोन्ही हातांनी ताट उचलून त्या जागेसमोर जाऊन बसल्या, आणि पहिला घास घेतला.

“कालवण वाढ गं थोडं,” त्या म्हणाल्या.